धनुष्याने टर्की: दोरी कधी ओढायची ते आधी शीक

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात टर्की या रानपक्ष्याच्या शिकारीला, पहिल्याच वसंत हंगामात धनुष्य घेऊन निघालायस, म्हणून मनापासून सांगतो. खरी अडचण नेमाची नाही, दोरी ओढण्याची आहे. टर्कीला वास फारसा कळत नाही, पण नजर अशी की कोपर हललं तरी पसार. बंदूकवाल्याचं बोट हलवून भागतं, आपल्याला अख्खा हात मागे न्यावा लागतो. म्हणून कापडी तंबूत बस, मागच्या खिडक्या बंद ठेव, काळा शर्ट घाल. नकली मादी सात-आठ पावलांवर लाव. नर तिच्यापुढे पिसारा फुलवून गोल फिरतो. त्याची पाठ तुझ्याकडे वळली की शेपटीच्या पंख्याआड डोकं झाकलं जातं. तेव्हाच ओढ.

फुललेला नर भला मोठा दिसतो, पण त्यात बरीचशी पिसंच. मर्मस्थान जेमतेम मुठीएवढं. आडवा उभा असेल तर पंख अंगाला जुळतो तिथे नेम धर. मी एकदा फुगलेल्या छातीवर बाण सोडला; चार पिसं उडाली आणि पक्षी झुडपात. दुपारपर्यंत शोधला, सापडला नाही. अजून टोचतं ते. वीस यार्डांपलीकडे सोडूच नकोस. आणि हो, सराव उभ्याने नको. त्याच स्टुलावर बसून, तंबूच्या त्याच खिडकीतून कर.