चुंबकाला ओढला म्हणून अशनी ठरत नाही

भावा, यवतेश्वरच्या घाटातला तुझा दगड पाहिला. चुंबक ओढतो म्हणून तो अशनी, म्हणजे आकाशातून पडलेला दगड, असं तुला वाटतंय. वाईट वाटून घेऊ नकोस, पण तो आपला काळा कातळच आहे. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे चुंबक थोडाफार ओढतोच. शिवाय त्यावर बुडबुड्यांची भोकं आहेत, ती अशनीत सहसा नसतात. मीही पहिल्या वर्षी पिशवीभर जांभा घरी आणला होता, आईनं तो तुळशीभोवती लावला!

खऱ्या कॉन्ड्राइटची, म्हणजे दाणेदार दगडी अशनीची, कापलेली बाजू बघ: मिलिमीटरभर गोल दाणे, म्हणजे कॉन्ड्रूल, आणि मध्ये चमकणारे धातूचे कण. एच, एल, एलएल हे नेहमीचे गट लोहाच्या प्रमाणावरून ठरतात, एचमध्ये ते सर्वांत जास्त. गटाच्या अक्षरापुढचा आकडा दगडानं काय सोसलं ते सांगतो. 3 म्हणजे जवळपास मूळ अवस्था. 6 पर्यंत उष्णतेनं दाणे पुसट होतात. 1 आणि 2 वर पाण्याचा परिणाम झालेला असतो.

दुर्मिळात मला आवडतो 'के' गट. त्याचं नाव 1890 मध्ये तमिळनाडूत पडलेल्या काकंगारी अशनीवरून आलंय, आणि सदस्य बोटांवर मोजण्याइतके. 'आर' गटाचं नाव केनियातल्या रुमुरुती अशनीवरून, 1934 सालच्या. असे गट नुसत्या डोळ्यांनी ठरत नाहीत, ऑक्सिजनची समस्थानिकं (त्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजावी लागतात.

आधी भिंग घे. चुंबक नंतर.