"खाऊन टाकू का रे तुला?"

"ते पुस्तक वाचल्यापासून वहिनीच्या बाळाला हात लावायची भीती वाटते. माझ्यात काही वाईट आहे का?" पारोळ्याकडची विशीतली मुलगी समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत एवढंच बोलली आणि गप्प झाली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सोबतच्या आईची तक्रार वेगळीच होती: "पोर धड जेवस नही, मॅडम."

पुस्तक म्हणजे अर्जेंटिनाच्या आगुस्तिना बाझतेरिका या लेखिकेची 2017 सालची स्पॅनिश कादंबरी. मुलीने तिचा 'टेंडर इज द फ्लेश' हा इंग्रजी अनुवाद मोबाइलवर दोन रात्रींत संपवला होता. त्या कथेत एका विषाणूमुळे सगळ्या प्राण्यांचं मांस खायला बंदी येते आणि सरकार माणसांनाच मांसासाठी पाळायला, कापायला परवानगी देतं. नायक अशाच कत्तलखान्यात अधिकारी आहे आणि त्याचं तान्हं मूल नुकतंच गेलेलं आहे. पाळलेल्यांना माणूस म्हणायचं नाही. गुरं मोजावीत तशी 'डोकी' मोजायची. रक्तापेक्षा ही थंड, दप्तरी भाषाच वाचकाच्या मनात रुतून बसते.

या पुस्तकाने कुणाचं काय होईल हे सांगता येत नाही. कुणी चाळीस पानांवर मिटून ठेवतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. कुणी महिनाभर मटण सोडतो. कुणी शेवट वाचून भयंकर चिडतो, कारण ज्याच्या बाजूने आपण इतका वेळ उभे होतो त्यानेच दगा दिला असं वाटतं. ही चीड अगदी निरोगी आहे, ती दाबू नये. काहींना काहीच वाटत नाही आणि मग त्याचीच धास्ती बसते, 'मी दगड आहे का?' असं काही नसतं. भराभर वाचताना मन आपणहून अंतर राखतं. या मुलीचं मात्र वेगळं झालं होतं.

तिने पुस्तक वाचलं आषाढात. घरात आखाडाचं मटण शिजलं त्या दिवशी काळ्या मसाल्यासाठी खोबरं भाजल्याचा वास आला आणि ती उठून गच्चीवर गेली. पुढे श्रावण लागला, घरात तसंही मटण बंद झालं आणि कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. गणपती उठले तेव्हा तिचं वजन 51 वरून 47 किलोवर आलं होतं.

एवढं वजन उतरलं की नैराश्याची शंका घ्यावीच लागते. पण बारकाईने विचारल्यावर कळलं, की श्रावणातल्या कानबाईच्या सणाला, रोटांच्या जेवणाला, ती दोन्ही वेळा पोटभर जेवली होती. त्या दिवशी वहिनी बाळाला घेऊन माहेरी होती. म्हणजे भूक शाबूत होती. अडत होतं ते बाळ शेजारी असताना घास तोंडात घालणं. म्हणून अशा वेळी 'जेवतेस का?' एवढ्यावर थांबू नये. कुठे जेवतेस, कुणासोबत, कुठला घास अडतो, हे विचारावं. झोप, पाळी, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार यांचीही चौकशी पहिल्याच भेटीत झाली. झोप उशिरा लागत होती, बाकी ठीक होतं.

खरी गाठ दुसऱ्या भेटीत सुटली. वहिनी बाळाला मांडीवर घेऊन लाडाने म्हणाली होती, "खाऊन टाकू का रे तुला?" आपल्याकडे कुठली आजी, कुठली मावशी हे म्हणत नाही? पण त्याच क्षणी हिच्या डोळ्यांपुढे पुस्तकातलं एक दृश्य आलं, आणि त्या दृश्यात हात तिचे स्वतःचे होते. तेव्हापासून ती बाळाला घेताना दोन्ही मुठी घट्ट वळायची आणि नुसत्या मनगटांवर त्याला तोलायची. बोटं त्याला लागू नयेत म्हणून. समोर खुर्चीत बसतानाही तळहात मांडीखाली दाबलेले.

तिला आधी दोन गोष्टी समजावून सांगितल्या. पहिली म्हणजे, नको तो विचार मनात येणं ही रोगाची खूण नाही. 1978 साली रॅकमन आणि डिसिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी साध्यासुध्या माणसांना विचारलं, तर बहुतेकांनी कबूल केलं की असले विचित्र, हिंसक, किळसवाणे विचार मनात येऊन जातात. मंत्रचळाच्या (ओसीडी, म्हणजे नको ते विचार आणि कृती पुन्हापुन्हा होत राहण्याचा आजार) रुग्णांचे विचार आशयाने तसेच निघाले. फरक होता तो किती वेळा येतात, किती छळतात आणि घालवायला माणूस किती झटतो यात. ज्याला त्या विचाराची शिसारी येते, त्याच्याच मनात तो चिकटून राहतो. लहान मूल पाहून 'खाऊन टाकावंसं' वाटण्यावरही अभ्यास झाला आहे. येल विद्यापीठात ओरियाना आरागॉन यांनी 2015 साली तो मांडला. लाड अनावर झाला की मन असं उलटं बोलतं.

दुसरी गोष्ट किळसेची. भीतीत छाती धडधडते, किळसेत पोटात ढवळतं. भीती समोर टिकून राहिलं की ओसरते, किळस मात्र फार सावकाश उतरते, आणि समजुतीला ती दाद देत नाही. पॉल रोझिन हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 साली लोकांसमोर दोन बाटल्यांत तीच साखर भरली, एकीवर 'साखर' आणि दुसरीवर 'सोडियम सायनाइड' अशी चिठ्ठी लोकांच्याच हाताने चिकटवली. तरी दुसऱ्या बाटलीतली साखर घालून पाणी प्यायला लोक कचरले. म्हणून 'अगं, कथा आहे ती, खा मुकाट्याने' असं म्हणून काही साधत नाही. घरच्यांनी ताटात जबरीने मटण वाढणं तर पूर्ण बंद करायला सांगितलं.

मग उपाय. आधी जे थांबवायचं ते. रोज रात्री ती शेवटाचा अर्थ सांगणारे व्हिडिओ बघत होती, 'असे विचार येणारा माणूस धोकादायक असतो का' हे शोधत होती, आणि दिवसातून दहा-बारा वेळा आईला विचारत होती, "मी चांगली आहे ना गं?" प्रत्येक वेळी पाच मिनिटं बरं वाटायचं, मग शंका दुप्पट. व्हिडिओ आणि शोध दोन्ही बंद केले. आईने एकच उत्तर द्यायचं ठरलं: "याचं उत्तर मॅडमनी द्यायला नको सांगितलंय." आईला हे फार जड गेलं. आईने मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली होती, त्याला हरकत घेतली नाही. फक्त ते रोज होऊ नये एवढंच सांगितलं, कारण रोज काढली की 'माझ्यात काहीतरी शिरलंय' हेच मुलीच्या मनात पक्कं होतं.

मग बाळाजवळ हळूहळू जायच्या पायऱ्या तिच्याच हाताने लिहून घेतल्या, शेजारी अस्वस्थतेचे 0 ते 100 गुण. बाळ असलेल्या खोलीत पंधरा मिनिटं बसणं: 35. त्याच्यासमोर वरण-बट्टी खाणं: 50. उघड्या तळव्याने त्याचं पाऊल धरणं: 65. मांडीवर घेणं, मुठी न वळता: 80. तेल लावून मालिश करणं: 95. रोज एकच पायरी, गुण निम्म्यावर येईपर्यंत किंवा अर्धा तास. निम्म्यावर आले नाहीत तरी उठून पळायचं नाही. विचार आला तर 'आला' एवढंच म्हणायचं. त्याच्याशी भांडायचं नाही आणि त्याला हाकलायचंही नाही.

तिसऱ्या पायरीवर गाडी अडली. सहा दिवस झाले तरी 65 चे 60 होईनात. खोदून विचारलं तेव्हा कळलं, पाऊल हातात असताना ती मनातल्या मनात एकवीस वेळा नामजप करत होती. नामस्मरण वाईट नाही. पण 'एकवीस पूर्ण झाले म्हणून बाळ वाचलं' असा हिशेब मनात बसला की जप हीच पळवाट होते आणि मनाला धोका नव्हताच हे कधी कळतच नाही. हे बाहेरून दिसत नाही, म्हणून नेमकं इथेच समुपदेशकही फसतात. जप सकाळी देवापुढे करायचा आणि बाळापाशी नाही, असं ठरलं. चार दिवसांत गुण 30 वर आले. त्याच सुमारास घरच्यांनी मायेपोटी बाळाला आठ दिवस माहेरी पाठवायचं काढलं होतं; ते थांबवलं.

मटणाचा निर्णय शेवटपर्यंत तिच्यावर सोडला. कसोटी एकच ठेवली: घरात रस्सा उकळत असताना ती चुलीपाशी बसून भाकरी थापू शकते का? बसता येतं आणि तरी खायचं नाही, तर ती तिची निवड आहे. मग तूर-उडीद-शेंगदाणे, दूध-दही रोजच्या जेवणात हवं आणि 'बी-12' जीवनसत्त्वाकडे लक्ष हवं. बसताच येत नसेल तर तो आजार ठरवतोय. तिने मटण सोडलं ते सोडलंच, पण भाकरी चुलीपाशी बसून थापते.

असे विचार रोज तासाहून अधिक वेळ खात असतील, वजन उतरत असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. मंत्रचळावर औषधंही आहेत. 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो. ज्यांचं मूल किंवा गर्भ नुकताच गेला आहे, ज्यांना खाण्याचा आजार किंवा मंत्रचळ आहे, त्यांनी हे पुस्तक सध्या हाती घेऊ नये. बाकीच्यांनी वाचावं, पण दिवसा आणि तुकड्यातुकड्याने.

आठव्या भेटीत तिने आदल्या दिवशीचं सांगितलं. बाळ पाटावर, तिच्या तळव्यांना कोमट तिळाचं तेल. मागून वहिनीने विचारलं, "खाऊन टाकू का रे तुला?" दृश्य आलं. "किती गुण?" विचारल्यावर म्हणाली, "चाळीस असतील. पण डावा पाय राहिला होता ना, तो चोळून घेतला आधी."