उधई (वाळवी), वांदे (झुरळं), ढेकूण: पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं कधी?

पहिला पाऊस पडला की आपल्या बडोद्यात दरवर्षी पत्रांत किडेच किडे, ह्या वेळी तर दुसरं काही नाहीच म्हणा ना. लोणच्यावर बुरशी येते त्यांचं पत्र मिळालंय, पुढच्या अंकात घेते नक्की.

प्रश्न: ताई, आमचं दांडिया बाजारात सासऱ्यांच्या वेळचं घर, दारं-जिना-माळा सगळं सागवानी. मागच्या आठवड्यात संध्याकाळी ट्यूबलाइटखाली पंखवाले किडे आले, सकाळी नुसते पंख पडलेले. आता देवघरामागे भिंतीवर मातीची बारीक रेघ दिसतेय. ह्यांनी रॉकेल मारलं, चार दिवस बरं वाटलं, मग बाजूलाच नवी रेघ. एक पेस्टवाला ९ हजार सांगतो, दुसरा ३ हजार. सासूबाई म्हणतात सागाला उधई लागतच नाही, पैसे घालवू नका. काय करू?
(एक वाचक, दांडिया बाजार)

उत्तर: सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे हो. सागाच्या गाभ्यात तेल असतं, ते उधईला, म्हणजे आपल्या वाळवीला, मानवत नाही. पण सालीजवळच्या पांढरट लाकडाला ती सोडत नाही, आणि जुन्या घरात मधे कधीतरी दुरुस्ती झालेली असते, एखादी पट्टी साध्या लाकडाची, कपाटामागे प्लाय, तिथून तिची सुरुवात होते. शिवाय पुस्तकं, कागद, देवघराखालचं पुठ्ठ्याचं खोकं, तिला सगळं चालतं.

नुसत्या पंखांनी घाबरू नका, ते किडे बाहेरूनही दिव्याला येतात. रेघ मात्र वेगळी. वाळवीचं अंग मऊ, उघड्यावर सुकून मरते, म्हणून मातीचा बोगदा करून आतल्या ओलाव्यातून ये-जा करते. तो तिचा रस्ता झाला, घर खाली जमिनीत. रॉकेल मारलं की त्या घडीला रस्त्यावर होत्या तेवढ्या मेल्या, राणी खाली मजेत हजारोंनी अंडी घालतेय, तिला पत्ताही नाही तुमच्या रॉकेलचा.

माझा हिशोब सोपा आहे. किडा राहतो तिथे माझा हात पोचतो का? पोचत असेल तर मी करते, नसेल तर माणूस बोलवते, मग दिसलेत दोन का दोनशे. तुमच्या केसमध्ये हात पोचत नाही. तरी फोन करायच्या आधी एक करा, ती रेघ मधेच दोन बोटं फोडा आणि दोन-चार दिवस बघा. पुन्हा बांधून काढली तर आत चालू आहे. नाही बांधली तर लगेच खूश होऊ नका, दुसरीकडून रस्ता काढलेला असू शकतो, तुमच्याकडे तेच झालंय. दाराची चौकट स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, पोकळ आवाज येईल तिथे खूण करून ठेवा, त्याला दाखवायला.

आता ९ हजार का ३ हजार. दोघांना एकच विचारा, ड्रिल करणार का? बांधलेल्या घरात भिंत आणि फरशी मिळते त्या कडेने साधारण एक-एक फुटावर १२ मिलीमीटरची भोकं पाडून त्यात औषध भरतात, मग भोकं बुजवतात. आयएस ६३१३ म्हणून सरकारी मानक आहे, त्याचा तिसरा भाग बांधून झालेल्या घरांसाठीच आहे. ३ हजारवाला नुसता पंप मारून जाणार असेल तर ते ३ हजारही पाण्यात. औषध कुठलं विचारा, बहुतेक इमिडाक्लोप्रिड सांगेल, बाटली तुमच्यासमोर फोडायला लावा, लेबलवर लिटरला किती लिहिलंय ते वाचा आणि तेवढंच घालतोय का बघा, बिनधास्त उभं राहा. त्याच्याकडे लायसन्स पाहिजे, १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली पेस्ट कंट्रोलच्या धंद्याला ते लागतं. आणि वॉरंटी लेखी घ्या, तोंडी "बेन, चिंता नका करू" चालणार नाही. घरात विहीर किंवा टाकं असेल तर आधीच सांगा, त्याच्याजवळ हे औषध जमिनीत जाता कामा नये. शेजाऱ्यांची भिंत सामाईक असेल तर त्यांनाही सोबत घ्या, नाहीतर एका घरातून दुसऱ्या घरात फेऱ्या चालू राहतील.

मीही दोन वर्षं रॉकेलवरच काढली, उगाच कशाला खर्च म्हणून. शेवटी कपाट पुढे ओढलं तर मागची प्लाय हातात आली, आणि दिवाळी अंकांचा गठ्ठा वरून अगदी शाबूत, उचलला तर आत नुसती माती. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं होतं आणि ज्यांनी भिंती नीट वाळू न देता घाईघाईने नवी प्लाय ठोकली, त्यांनी पण एकदा कपाटामागे बॅटरी मारून बघाच.

हां, खुर्चीखाली नुसती पावडर पडत असेल, माती कुठेच नाही, तर तो लाकडातला भुंगा किंवा सुक्या लाकडातली वाळवी. त्यासाठी फरशी फोडू नका, त्या खुर्चीचाच इलाज करायचा.

प्रश्न: चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे, दर महिन्याला स्प्रे मारते तरी किचनमध्ये छोटे वांदे कमी होत नाहीत. हर्बल पेस्ट कंट्रोल करून घेऊ का? वास येत नाही म्हणतात.
(एक वाचक, वाघोडिया रोड)

उत्तर: मोठी लालसर झुरळं असती तर म्हटलं असतं मोरीला जाळी लावा, ती गटारातून येतात. छोटी, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या रेघा असतील तर ती जर्मन जातीची, आणि ती तुमच्याच घरात राहतात, फ्रीजच्या मोटरपाशी, मिक्सरखाली, कपाटाच्या बिजागरीत. मादीच्या एका अंड्याच्या पिशवीत ३०-४० पिल्लं. स्प्रेने ती मरतात थोडी आणि पसरतात जास्त, अंड्यांना तर काहीच होत नाही.

इथे मात्र हात पोचतो, म्हणून आधी स्वतः करा. झुरळांसाठी मिळतं ते जेल आणा, बिजागरीत आणि फटीत मुगाएवढे ठिपके लावा, आणि स्प्रे बंद, अगदी बंद, कारण स्प्रेच्या वासाने ती जेलला तोंडच लावत नाहीत. रात्री ओटा कोरडा ठेवा. दोन-तीन आठवडे धीर धरा. बोरिक पावडर, कणीक आणि साखरेच्या गोळ्या पण चालतात, हळू चालतात, पण रांगतं मूल किंवा कुत्रं घरात असेल तर नको.

एवढं करूनही दिवसाढवळ्या फिरताना दिसली तर समजा आत जागा पुरत नाहीये, तेव्हा माणूस बोलवा. वरच्या-खालच्यांकडे पण असतील तर सगळ्या लाइनचं एकाच दिवशी करा, पाइपांच्या डक्टमधून ती आरामात वर-खाली करतात. आणि वास नाही म्हणजे हर्बल असं काही नसतं बरं, साध्या जेललाही वास नसतो. तो नक्की काय लावणार ते नाव विचारा.

प्रश्न: मुलगा होस्टेलवरून सुट्टीत आला तेव्हापासून पलंगात ढेकूण. मित्र म्हणतो धान्यात ठेवतात त्या गॅसच्या गोळ्या पलंगाखाली ठेवून खोली दोन दिवस बंद करा, एका झटक्यात साफ. ठेवू का?
(एक वाचक, मांजलपूर)

उत्तर: नाही. अजिबात नाही. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, हवेतल्या ओलाव्याने फॉस्फीन गॅस सोडतात, तो दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत, वरच्या मजल्यावर जातो, माणसं झोपेत मरतात आणि त्यावर उतारा औषध नाही. घरगुती वापरासाठी त्या विकायलाच परवानगी नाही. मित्राने आणून दिल्या असतील तर डबा उघडू नका, पाणी तर मुळीच लागू देऊ नका, आणि जिथून आणल्या तिथे परत करायला सांगा त्याला.

ढेकणांसाठी मी सरळ माणूसच बोलवा म्हणते. पूर्वी खाट अंगणात काढून उकळतं पाणी ओतलं की काम व्हायचं, आता बॉक्स पलंगाच्या स्क्रूच्या भोकात, गादीच्या शिवणीत, स्विचबोर्डमागे कुठे कुठे ओतणार? चादरी, उशांची कव्हरं, कपडे उकळत्या पाण्यात धुवा. पेस्टवाल्याच्या दोन फेऱ्या ठरवा, मधे दहा-पंधरा दिवस, कारण पहिल्या फेरीत वाचलेली अंडी तोपर्यंत फुटतात. पहिल्यानंतर चावायचं थांबलं म्हणून दुसरी कॅन्सल करतात लोक आणि महिन्याने परत मलाच पत्र लिहितात. खोली बदलून झोपू नका, ते तुमच्या मागे दुसऱ्या खोलीत येतील. आणि मुलाची होस्टेलची बॅग अजून पलंगाखालीच असेल ना, ती आधी काळ्या पिशवीत घालून, तोंड बांधून, गच्चीवर नेऊन ठेवा.