टॅक्स आणि हॉस्पिटलच्या कामात यायचं म्हणतेस ना, मग आधी हे वाच

तुझा मेसेज दोनदा वाचला. लॉचं शेवटचं वर्ष, घरचे म्हणतायत पुण्याला जा, आणि तुला सांगलीत राहून टॅक्स आणि हॉस्पिटलचंच काम करायचंय. कर की, इथंच कर. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ ला मिशन हॉस्पिटल उघडलं, तेव्हापासून कर्नाटकातून सुद्धा पेशंट येतात, त्यामुळे दवाखाने भरपूर आणि टॅक्सच्या नोटिसाही भरपूर. शिवाय १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, आता प्रत्येक रिट अर्जासाठी मुंबई गाठायला नको.

वकिलीची सनद, एआयबीई ही बारची परीक्षा वगैरे होईल गं, त्याचं टेन्शन घेऊ नकोस. मला सांगायचंय ते वेगळंच.

मी ज्युनियर होते तेव्हा एका हॉस्पिटलला टीडीएसची, म्हणजे पैसे देतानाच कापायच्या टॅक्सची, नोटीस आली. हॉस्पिटल कन्सल्टंट डॉक्टरांच्या पैशातून १९४जे, म्हणजे व्यावसायिक फीच्या कलमाखाली १० टक्के कापत होतं आणि इन्कमटॅक्स ऑफिसरचं म्हणणं, हे तुमचे नोकरच आहेत, कलम १९२ नं पगारासारखा टॅक्स कापायला हवा होता. मी रात्रभर बसून उत्तर लिहिलं, निवाड्यांवर निवाडे जोडले, आणि सकाळी माझ्या सीनियर साहेबांनी ते न उघडताच विचारलं, डॉक्टरांबरोबरचं ॲग्रीमेंट कुठाय? मी ते वाचलंच नव्हतं. तिथंच वाचायला घेतलं तर चौथ्या पानावर लिहिलेलं, वर्षाला बारा किरकोळ रजा मिळतील. कुणीतरी नर्सच्या नेमणूकपत्रावरून ते टाईप करून घेतलेलं आणि रजेचं कलम तसंच राहिलेलं! रजा म्हटलं की नोकरच वाटतो, त्या एका ओळीपायी आम्हाला दोन वर्षं झगडावं लागलं, डॉक्टरांचे बाहेरच्या प्रॅक्टिसचे कागद, ओपीडीच्या वेळा, पेशंटगणिक वाटून घेतलेली फी, सगळं गोळा करून दाखवावं लागलं. चूक माझी होती, मी कायदा आधी वाचला आणि कागद नंतर.

म्हणून म्हणते, पहिलं वर्षभर एखाद्या सीएच्या ऑफिसात बस, पैसे तुटपुंजे मिळतील, पण लेजर वाचता येईल. आणि बिलिंग काउंटरच्या मागं उभी राहा. ॲडमिट पेशंटला दिलेलं औषध हे उपचाराचाच भाग धरतात, त्यावर जीएसटी नाही, पण तेच औषध तिथल्याच मेडिकलमधून बाहेरच्या माणसानं नेलं की टॅक्स लागतो, आणि सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीची बिलं एकाच सिरीजमध्ये निघत असतील तर प्रत्येक बिल आयपीडी नंबरशी, म्हणजे ॲडमिट पेशंटच्या नंबरशी, जुळवत बसावं लागतं. खोलीचंही तसंच, १८ जुलै २०२२ पासून आयसीयू सोडून रोजचं भाडं ५००० च्या वर गेलं की ५ टक्के लागला. ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर अजून एक वही, १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि बिलिंगच्या २ टक्के रक्कम आयपीएफ, म्हणजे निर्धन रुग्णांच्या फंडात. ही वही नीट नसली की गरीब माणूस दारातून परत जातो, हे मी पाहिलंय, म्हणून हा विषय मला नुसता टॅक्सचा वाटत नाही.

१९६१ चा इन्कमटॅक्स कायदा जाऊन २०२५ चा आलाय, १ एप्रिल २०२६ पासून लागू, कलमांचे नंबर बदलले. पण जुन्या वर्षांच्या केसेस जुन्याच कायद्यानं चालणार, तेव्हा दोन्ही शिकावे लागतील.

आणि एक, यात मी कुणाचं ऐकणार नाही. पेशंटचे पेपर हाताळताना मोबाईलवर फोटो काढायचा नाही, ग्रुपवर टाकायचा नाही. ऑफिसरला बिल नंबर, तारीख, आयपीडी नंबर आणि रक्कम पुरते, पेशंटला काय झालं होतं ते त्यांना कशाला? त्या ओळीवर काळी पट्टी मारूनच झेरॉक्स द्यायची.

सोमवारी साडेदहाला मिरजेत ये, एका रेकॉर्डरूममध्ये तीन वर्षांची बिलं लावायचीत. तोंडाला बांधायला रुमाल आण, धूळ फार असते तिथं.