गेम मधेच अडकतो, अँटीव्हायरस काढून टाकू का?

या वेळी बरेच प्रश्न एकाच गोष्टीवरून आलेत, गेम आणि अँटीव्हायरसचं भांडण. म्हणून बाकीचे पुढच्या अंकासाठी ठेवले आणि हेच सविस्तर घेतो.

प्रश्न: नमस्कार दादा, माझा लॅपटॉप तसा बरा आहे, ८ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड पण वेगळं आहे, फक्त एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) लहान आहे आणि ती विंडोजनेच भरलीये म्हणून गेम सगळे हार्ड डिस्कवर टाकलेत. ओपन वर्ल्ड गेम (मोठ्या नकाशात मोकळं फिरायचे) खेळताना कोपऱ्यात एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) दिसतात तो आकडा, सत्तरच्या आसपास दिसतो म्हणजे वाईट नाही, पण गाडी घेऊन नवीन एरियात शिरलो की क्षणभर सगळं थिजतं, आवाज पण अडकतो, मग परत चालू. पैसे भरून घेतलेला अँटीव्हायरस आहे, त्यातला गेमिंग मोड ऑन केला तरी तेच. शेवटी वैतागून अँटीव्हायरस थोडा वेळ बंद केला तर जवळजवळ स्मूथ चाललं. मित्र म्हणतात काढूनच टाक, काही होत नाही. काढू का?

उत्तर: काढू नकोस. तुला जे दिसलं ते खरं असू शकतं, पण त्यावर उपाय तो नाही.

आधी एफपीएसचं समजून घे, कारण तो आकडा इथे फसवतो. ६० एफपीएस म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ वर जेमतेम ७. आता समज एका सेकंदात पन्नासेक फ्रेम पटापट आल्या आणि एकच फ्रेम ३०० मिलिसेकंद अडकून राहिली, तर डोळ्याला तो झटका लगेच कळतो पण कोपऱ्यातला आकडा तरी पन्नासच्या वरच दिसणार. म्हणजे तुझं ग्राफिक्स कार्ड कमी पडत नाहीये, गेमला हवा असलेला डेटा वेळेवर मिळत नाहीये, दुखणं तिथे आहे.

अँटीव्हायरसचं रिअल-टाइम प्रोटेक्शन असं चालतं की कुठलाही प्रोग्रॅम फाइल उघडायला गेला की त्या रस्त्यात अँटीव्हायरसचा ड्रायव्हर (विंडोजच्या आतून चालणारा छोटा प्रोग्रॅम) बसलेला असतो, तो फाइल तपासतो आणि मग पुढे सोडतो, तोपर्यंत मागणारा थांबलेला. ब्राउझर किंवा वर्डमधे हे जाणवत पण नाही. ओपन वर्ल्ड गेम मात्र तू पुढे जाशील तसा टेक्स्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं), आवाज, मॉडेल असं काय काय डिस्कवरून ओढत असतो आणि नवीन एरिया आला की ही मागणी एकदम वाढते. त्यात तुझी हार्ड डिस्क. तिचं हेड, म्हणजे वाचणारा भाग, एका वेळी एकाच ठिकाणी असतं, एका जागेवरून दुसरीकडे जाऊन वाचायला साधारण १० मिलिसेकंद जातात, आणि गेमला एक तुकडा हवाय, अँटीव्हायरसला दुसरा, मग ते हेड नुसतं इकडून तिकडे पळत बसतं. एसएसडीवर हेच काम मिलिसेकंदाच्याही छोट्या भागात होतं, त्यामुळे तोच गेम आणि तोच अँटीव्हायरस मित्राच्या मशीनवर निवांत चालतो आणि तुझ्याकडे अडकतो.

आणि गेमिंग मोडबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. तो साधारणपणे नोटिफिकेशन थांबवतो, ठरलेलं स्कॅन आणि अपडेट पुढे ढकलतो, एवढंच. रिअल-टाइम तपासणी चालूच राहते, आणि ती राहायलाच हवी. म्हणून तुझा झटका गेमिंग मोडने गेला नाही.

पण थांब, अँटीव्हायरसच दोषी आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही. तू आधी त्याच रस्त्याने गाडी चालवली, मग अँटीव्हायरस बंद करून परत तिथेच गेलास का? तसं असेल तर विंडोजने त्या फाइल्स रॅममधे धरून ठेवलेल्या असतात आणि दुसऱ्या फेरीला सगळं स्मूथच वाटतं, अँटीव्हायरस चालू असो नाहीतर बंद. नीट बघायचं तर कॉम्प्युटर रीस्टार्ट कर, तोच सेव्ह उघड, तोच रस्ता घे. मग परत रीस्टार्ट, अँटीव्हायरस बंद, इंटरनेट पण बंद, आणि पुन्हा तोच रस्ता. दोन्हीत फरक पडला तरच बोट अँटीव्हायरसकडे. सोबत गेम विंडोमधे चालवून बाजूला टास्क मॅनेजर उघडा ठेव, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबलं की येतो, आणि डिस्कच्या कॉलमवर क्लिक करून ज्याचा वापर जास्त तो वर आण. झटका येतो त्या क्षणाला वर कोण येतंय ते बघ. अँटीव्हायरसचं नाव वर आलं तर ठीक, सापडला. फक्त गेमच वर असेल आणि रॅम नव्वद टक्क्यांच्या वर भरलेली असेल तर ८ जीबी कमी पडतेय, विंडोज रॅममधलं सामान डिस्कवर हलवतंय, आणि तसं असेल तर आधी ब्राउझरचे टॅब बंद कर बाबा. गेम नवीन असेल किंवा नुकतं ग्राफिक्सचं ड्रायव्हर अपडेट केलं असेल तर शेडर (चित्र कसं रंगवायचं हे ग्राफिक्स कार्डला सांगणारे छोटे प्रोग्रॅम) पहिल्यांदा तयार होताना पण असेच झटके येतात आणि थोडं खेळल्यावर आपोआप कमी होतात.

अँटीव्हायरस सापडला तर त्याच्या सेटिंगमधे एक्स्क्लूजन किंवा एक्सेप्शन (तपासणीतून सूट) नावाची जागा शोध आणि त्यात फक्त त्या एका गेमचा फोल्डर टाक. विंडोजसोबतच येणारा डिफेंडर हा अँटीव्हायरस वापरणाऱ्यांनी विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज आणि खाली एक्स्क्लूजन्स असं जायचं. लोक काय करतात की अख्खा ड्राइव्ह टाकतात, नाहीतर डाउनलोड्स, नाहीतर स्टीमची (गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाची) पूर्ण लायब्ररी. असं करू नका, कळकळीने सांगतो. फेब्रुवारी २०२५ मधे स्टीमवरच पायरेटफाय नावाच्या फुकट गेममधे मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) निघालं होतं, स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने तो गेम काढला आणि ज्यांनी चालवला होता त्यांना पूर्ण स्कॅन करायला सांगितलं, जमल्यास विंडोज नव्याने टाकायचा विचार करा असंही सांगितलं. पूर्ण लायब्ररीला सूट देऊन ठेवली असती तर त्या गेमच्या फोल्डरकडे अँटीव्हायरसने बघितलंच नसतं. म्हणून सूट एकाच, ओळखीच्या, मोठ्या गेमला, आणि तो खेळून झाला की सूट काढून टाकायची.

आणि खरा इलाज विचारशील तर एसएसडीवर जागा कर आणि तो एक गेम तिकडे हलव. मग बहुतेक एक्स्क्लूजनची गरजच उरणार नाही.

प्रश्न: सर, गेम चालू असताना टास्क मॅनेजरमधे अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल नावाचं काहीतरी वर येतं आणि सीपीयू खातं. एंड टास्क केलं तर बंद होत नाही. हा व्हायरस तर नाही ना? कायमचं कसं बंद करू?

उत्तर: व्हायरस नाही, तोच मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आहे. विंडोज त्या प्रोसेसला मुद्दाम सांभाळून ठेवतं, कारण तुम्ही एंड टास्क करू शकलात तर मालवेअर पण करू शकेल. रिअल-टाइम प्रोटेक्शनचं बटण बंद केलं तरी थोड्या वेळाने ते स्वतःहून परत चालू होतं, तेही मुद्दामच. कायमचं बंद करायच्या रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्याच्या) युक्त्या फिरत असतात, त्यांच्या नादी लागू नका, अपडेट आलं की त्या मोडतात आणि तुम्ही मधल्या मधे उघडे पडता.

गेमच्या वेळेलाच ते वर येत असेल तर बहुतेक ठरलेलं स्कॅन चालू असतं, आणि त्याची वेळ बदलता येते. टास्क शेड्युलर उघडा, लायब्ररीत मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग विंडोज डिफेंडर असा फोल्डर आहे, त्यात शेड्युल्ड स्कॅन नावाचं काम दिसेल. त्याच्या ट्रिगर्समधे अशी वेळ द्या की कॉम्प्युटर चालू असतो पण तुम्ही खेळत नसता. आणखी एक, ठरलेल्या स्कॅनला सीपीयूचा सरासरी किती भाग वापरता येईल याची डिफेंडरमधे एक सेटिंग असते, मूळची ५० टक्के, ती पॉवरशेलमधून (विंडोजला टाइप करून आज्ञा द्यायची खिडकी) कमी करता येते, पण मग स्कॅन तितकं लांबतं. मला विचाराल तर वेळ बदलणं जास्त चांगलं. स्कॅन टाळू नका फक्त, कॉम्प्युटर खेळायच्याच वेळी चालू करायचा आणि लगेच बंद करायचा असं असेल तर बिचाऱ्याला स्कॅनला वेळ मिळणार तरी कधी.

प्रश्न: माझ्याकडे दोन अँटीव्हायरस आहेत, एक लॅपटॉपसोबत आलेला ट्रायल आणि एक मी टाकलेला. दोन असले की सुरक्षा डबल होते ना? गेम मात्र खूप स्लो चालतात.

उत्तर: डबल होत नाही, गेम स्लो होतात तेवढं खरं. दोघेही प्रत्येक फाइलच्या रस्त्यात बसतात आणि एकच फाइल दोनदा तपासली जाते, कधी कधी एकमेकांच्याच फाइल्सवर संशय घेतात. डिफेंडरचं वेगळं आहे, दुसरा अँटीव्हायरस नीट नोंदला गेला की तो स्वतःची रिअल-टाइम तपासणी थांबवतो, पण बाहेरचे दोन असतील तर कोणी माघार घेत नाही. एक ठेवा. ट्रायल संपलेला असेल तर तोच काढा, बऱ्याच कंपन्या स्वतःचा अँटीव्हायरस पूर्ण काढायचं छोटं टूल त्यांच्या साइटवर देतात, साध्या अनइन्स्टॉलने ड्रायव्हर मागे राहिले तर ते वापरा, आणि रीस्टार्ट करा. नंतर विंडोज सिक्युरिटीत सेटिंग्जमधल्या मॅनेज प्रोव्हायडर्समधे जाऊन कोण चालू आहे ते बघा.

प्रश्न: माझा मुलगा दहावीत आहे. त्याने गेमसाठी काहीतरी फुकटचं डाउनलोड केलं, त्यासोबतच्या सूचनेत लिहिलंय की आधी अँटीव्हायरस बंद करा, नाहीतर तो फाइल उडवेल. मुलगा म्हणतो हे नेहमीचंच आहे आई, फॉल्स पॉझिटिव्ह असतं, आणि तसंही अँटीव्हायरसने गेम स्लो होतो. मला यातलं फार कळत नाही पण मन मानत नाही.

उत्तर: ताई, तुमचं मन बरोबर सांगतंय, त्याला ते चालवू देऊ नका. मुलगा अर्धवट खरं बोलतोय हे पण मान्य करतो, फॉल्स पॉझिटिव्ह, म्हणजे चांगल्या फाइलवर चुकून घेतलेला संशय, असतात. गेमच्या मेमरीत हात घालणारे मॉड (गेममधे बदल करणारे), ट्रेनर (गेममधे चीटिंग करून देणारे) यांचं वागणंच मालवेअरसारखं असतं म्हणून अँटीव्हायरस ओरडतो. अडचण अशी की मालवेअर पसरवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं आणि ते नेमकं हेच वाक्य लिहितात, आधी अँटीव्हायरस बंद करा. म्हणजे कुलूप तोडायची पण गरज नाही, घरातलाच माणूस आतून कडी काढून देतो.

आणि आता त्यात जे येतं ते स्क्रीनवर काही दाखवत नाही. इन्फोस्टीलर म्हणतात त्याला. ब्राउझरमधे सेव्ह केलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज (तुम्ही लॉगिन आहात याची साइटने ठेवलेली खूण) उचलून तो काही क्षणात बाहेर पाठवतो. लॉगिन झालेल्या कुकीज हातात आल्या की बऱ्याच ठिकाणी पासवर्ड किंवा ओटीपी लागत पण नाही, सरळ खात्यात शिरता येतं. घरात एकच कॉम्प्युटर असेल तर त्यात मुलाचा गेमचा अकाउंट असतो, तुमचा ईमेल असतो, बँकेचं लॉगिन असतं, सगळं एका जागी.

फाइल अजून चालवली नसेल तर उत्तम. मुलाला सोबत बसवा आणि ती फाइल व्हायरसटोटलच्या साइटवर टाकून बघा, तिथे एकाच वेळी कितीतरी अँटीव्हायरस इंजिनं ती तपासतात. एखाद-दुसऱ्या अनोळखी इंजिनाने लाल दाखवलं तर फॉल्स पॉझिटिव्ह असू शकतं, पण अनेकांनी पासवर्ड चोरणारं म्हणून नाव घेतलं तर वाद संपला. सगळे हिरवे आले म्हणजे फाइल शंभर टक्के स्वच्छ असंही नाही, अगदी नवं मालवेअर यातून सुटतं. आणि पासवर्ड लावलेली झिप असेल, पासवर्ड बाजूला लिहून दिलेला असेल तर जास्तच जपा, पासवर्ड असला की अँटीव्हायरसला आतलं बघता येत नाही, म्हणूनच तो लावतात. घरचे कागदपत्र मात्र त्या साइटवर कधी टाकू नका, टाकलेल्या फाइल्स इतरांच्या हातात जाऊ शकतात.

आधीच चालवली असेल तर मुलाला ओरडू नका, ओरडलात तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही. त्या कॉम्प्युटरचं इंटरनेट तोडा, दुसऱ्या फोनवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला, सगळ्या डिव्हाइसमधून साइन आउट करा, मग बँक, मग बाकीचे. ते झालं की डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन (विंडोज सुरू होण्याआधी होणारी तपासणी), आणि शक्य असेल तर विंडोज नव्याने टाका.

प्रश्न: व्हिडिओत सांगतात की कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी बंद केली की एफपीएस वाढतो. करू का?

उत्तर: हा अँटीव्हायरसचा भाग नाही, पण प्रश्न चांगला आहे. मेमरी इंटिग्रिटी म्हणजे विंडोजच्या कर्नलमधे (सगळ्यात आतल्या गाभ्यात) खोटे ड्रायव्हर घुसू नयेत म्हणून प्रोसेसरच्या व्हर्च्युअलायझेशनच्या (आत वेगळा सुरक्षित कप्पा करायच्या सोयीच्या) आधाराने केलेली राखण. तिची किंमत काही गेममधे दिसते हे मायक्रोसॉफ्टनेच २०२२ मधे मान्य केलं, गेम खेळताना बंद करून नंतर परत चालू करता येईल असं सांगितलं, आणि बंद असताना धोका वाढतो हेही सांगितलं. जुन्या प्रोसेसरवर ही किंमत जास्त बसते. इंटेलची सातवी पिढी आणि एएमडीचा झेन २ इथपासून पुढच्या प्रोसेसरमधे हे काम हलकं करणारी सोय आत आहे, त्याआधीच्यांना ते सॉफ्टवेअरने ओढावं लागतं.

तुझा प्रोसेसर त्यानंतरचा असेल तर चालूच ठेव. जुना असेल आणि गेम खरंच खेळता येत नसेल तर एकदा बंद करून रीस्टार्ट कर आणि फरक मोज, नुसता सरासरी एफपीएस नाही तर झटके कमी झाले का ते बघ. फरक दिसला नाही तर त्याच दिवशी परत चालू कर, आणि पुन्हा रीस्टार्ट करायला विसरू नकोस, त्याशिवाय ती चालू होत नाही.