बर्ग्यांची यादी

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. कक्ष अधिकारी होऊन दोन वर्षं होत नाहीत तोच शासनाच्या विभागांच्या फेररचनेचा मसुदा करणाऱ्या गटात तुला घेतलं, हे वाचून फार बरं वाटलं. प्रशिक्षणाच्या काळात तू आमच्या उपविभागात आली होतीस. मोजमाप पुस्तिका हातात घेऊन भर उन्हात पाझर तलावाच्या भिंतीवर चढलेली तुमच्या तुकडीतली तू एकटीच, हे मी विसरलेलो नाही.

कोणता विषय कोणत्या विभागाकडे असावा हे ठरवायचं कसं, असं तू विचारलंयस. माझी सगळी नोकरी लघुपाटबंधाऱ्यात गेली, तेव्हा मी पाण्याबद्दलच बोलणार. तुझ्या कामाला तेच जास्त उपयोगी पडेल, कारण आपल्याकडे पाण्याची वाटणी विभागाविभागांत इतक्या वेळा झाली आहे की फेररचनेत काय चुकतं ते सगळं तिथे बघायला मिळतं.

आधी एक प्रसंग सांगतो. मी नवा शाखा अभियंता होतो. कोल्हापूर पद्धतीचा एक बंधारा वरच्या आदेशाने एका कार्यालयाकडून दुसऱ्याकडे वर्ग झाला. हस्तांतरणाच्या यादीत नोंद होती: 'को. प. बंधारा, नग १'. दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या, नस्ती म्हणजे फाइल बंद झाली. ऑक्टोबरात ओढ्याचा जोर ओसरला की खाचांमध्ये बर्गे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, टाकून पाणी अडवायचं असतं, हे तुला माहीत आहे. त्या वर्षी बर्गे टाकायला माणूस गेला तेव्हा कळलं, बर्गे जुन्या कार्यालयाच्या गोदामात आहेत. ते यादीत नव्हते. जुनं कार्यालय म्हणालं, आमच्या साठा नोंदवहीत आहेत, वरून आदेश आल्याशिवाय देता येणार नाहीत. नवं कार्यालय म्हणालं, आमच्याकडे बंधारा आला, बर्गे आले नाहीत. मी पत्रं लिहीत राहिलो. आदेश आला डिसेंबर संपता संपता. तोवर ओढा कोरडा झाला होता. खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांचा त्या वर्षीचा हरभरा पाण्यावाचून गेला. एक म्हातारे शेतकरी कार्यालयात आले आणि माझ्या टेबलासमोर काही न बोलता बराच वेळ बसून राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना. पत्रं लिहिण्यापेक्षा मी एक ट्रॅक्टर घेऊन त्या गोदामावर जायला हवं होतं. ते मी केलं नाही.

तुझा मसुदा मंत्रिमंडळापुढे जाईल. संविधानाच्या अनुच्छेद १६६ (३) खाली राज्यपाल कार्यनियमावली करतात, तिच्यात विषय या विभागातून त्या विभागात जातो आणि सरकारपुरती फेररचना पूर्ण होते. एका दिवसाचं काम आहे ते. पण त्या विषयाला खाली काय काय लटकलेलं असतं ते वरून दिसत नाही. बर्गे असतात, गोदामाच्या किल्ल्या असतात, भूसंपादनाचे न दिलेले मोबदले असतात, न्यायालयातले दावे असतात, ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष त्यानेच दुरुस्त करून द्यायची मुदत, चालू असतो. यातलं काही आपोआप विषयाबरोबर जात नाही.

आता जरा इतिहास. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या, वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून. लहान पाटबंधारे त्यांच्याकडे गेले आणि ते योग्यच झालं, कारण गावतळ्याचं दुखणं मुंबईपेक्षा पंचायत समितीला लवकर कळतं. बांधबंदिस्ती, सलग समतल चर, नालाबांध ही कामं कृषी खात्याची. जंगलातली कामं वन विभागाची. मोठी धरणं पाटबंधारे खात्याची. विहिरींची पातळी मोजायला भूजल सर्वेक्षण यंत्रणा. सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना १९९२ साली जलसंधारणासाठी वेगळा विभाग झाला. पुढे तो ग्रामविकासाला जोडला गेला आणि २०१७ मध्ये पुन्हा सुटा होऊन 'मृद व जलसंधारण' या नावाने उभा राहिला. त्याचं आयुक्तालय औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, वाल्मीच्या, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्थेच्या, आवारात आलं.

या सगळ्यात हद्दी ठरल्या त्या हेक्टरांवर. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारी योजना जिल्हा परिषदेची, त्यावर सहाशेपर्यंत मृद व जलसंधारणाची, त्यापुढे जलसंपदेची. कागदावर ही विभागणी सोपी आहे, आकडा बघितला की झालं. पण पाणी माथ्यावरून पायथ्याकडे वाहतं. माथ्यावर चर नीट झाले नाहीत की गाळ खालच्या तलावात येतो. चर एका खात्याचे, तलाव दुसऱ्याचा. तलाव गाळाने भरला तर चर खणणाऱ्याला कुणी विचारत नाही, आणि तलाववाल्याला वरच्या डोंगरावर पाय ठेवायचा अधिकार नाही. म्हणून माझं म्हणणं असं की हद्द कामाच्या आकारावर ठरवण्याआधी काम कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं ते बघ. एक पाणलोट निवड. माथ्यापासून नदीपर्यंत पायी चालत जा. वाटेत किती खात्यांचे फलक लागतात ते वहीत लिही. मुंबईत बसून दहा बैठका घेतल्या तरी हे कळणार नाही.

डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार सुरू झालं तेव्हा कुठलाच विभाग हलवला नव्हता. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीत सगळी खाती एका टेबलाशी बसवली, गावाचा एकच आराखडा करायचा असं ठरवलं. मी त्या बैठकांना बसलो आहे. कृषीवाले आणि आम्ही एकाच गावच्या नकाशावर पेन्सिल चालवली, असं माझ्या नोकरीत आधी घडलं नव्हतं. पुढे यंत्रं लावून नाला खोलीकरण इतकं झालं की माथ्याकडचं काम मागे पडलं, आणि भूजल पातळीवर फारसा परिणाम झाला नाही असं कॅगने, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, २०२० मध्ये म्हटलं. हे सगळं मान्य. तरी त्या टेबलाचं मोल मी कमी मानत नाही. विभाग न मोडताही काम जोडता येतं का, हा प्रश्न तुझ्या टिपणीत पहिल्या पानावर असू दे. फेररचना महाग असते. फलक आणि लेटरहेडचा खर्च किरकोळच, खरी किंमत दोन-तीन वर्षं सगळे लोक आपापली खुर्ची कुठे जाणार या काळजीत असतात त्याची.

लोकांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मसुद्यात हाच भाग सगळ्यात रोडका असतो. 'पदांसह वर्ग करण्यात येत आहे' एवढं एक वाक्य लिहिलं जातं. २०१७ मध्ये कृषी विभागातली मृदसंधारणाची पदं नव्या विभागाकडे द्यायचं ठरलं, पण माणसं जाता जाईनात. त्यांना हट्टी म्हणू नकोस. कृषी सहायकाची सेवाज्येष्ठता एका यादीत असते, बढतीची साखळी त्या खात्यात असते, बायको-मुलं त्या तालुक्यात असतात. नव्या खात्यात आपण अभियंत्यांच्या खाली कायमचे दबून राहू, ही भीती खोटी नव्हती. याउलट ६ जून २००५ रोजी वीज मंडळाचं विभाजन झालं, निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा तीन कंपन्या झाल्या आणि वर एक सूत्रधारी कंपनी. विरोध तिथेही भरपूर झाला. पण सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कमी लाभाच्या असणार नाहीत हे २००३ च्या वीज कायद्यातच लिहिलेलं होतं. लोकांना बोट ठेवायला एक कलम होतं. तू आकृतिबंध, म्हणजे कोणत्या कार्यालयात कोणती किती पदं याचा तक्ता, करशील तेव्हा प्रत्येक संवर्गापुढे लिही: याची ज्येष्ठता कुठे धरणार, याची पुढची बढती कोणत्या पदावर, विकल्प देणार की नाही, किती दिवसांत. हे आधी लिहिलं नाहीस तर ते न्यायाधिकरणात लिहिलं जाईल, आणि मधल्या वर्षांत निम्मी पदं प्रभारींवर चालतील.

वेगळा विभाग करूच नये असं मात्र माझं मत नाही. दिव्यांग कल्याणाचा विभाग डिसेंबर २०२२ मध्ये सामाजिक न्यायातून वेगळा झाला, त्याचा मला मनापासून आनंद झाला होता. ज्यांचा विषय मोठ्या खात्यात कायम शेवटच्या पानावर राहतो त्यांना स्वतःचा सचिव आणि अर्थसंकल्पात स्वतःचं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं वेगळं खातं, मिळालं तर त्यांचं म्हणणं अर्थसंकल्पापर्यंत पोचतं. पण विभाग मुंबईत जन्मला म्हणजे जिल्ह्यात जन्मला असं होत नाही. इतर मागासवर्गाचा विभाग २०१७ साली झाला, तरी जिल्ह्यात पुढची कित्येक वर्षं समाजकल्याणच्या कार्यालयातूनच त्याचं काम चाललं. जिल्ह्यात आधीच समाजकल्याणची दोन दारं: सहायक आयुक्तांचं एक आणि जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण अधिकाऱ्यांचं दुसरं. शिष्यवृत्तीसाठी आलेलं पोर एका दारातून दुसऱ्या दारात पाठवलं जाताना मी पाहिलंय, एकदा नाही, शेकडो वेळा. तिसरं दार उघडायचं असेल तर त्या पोराने कोणत्या दारात उभं राहायचं हे आदेशात लिही, आणि जुन्या दारावर ठळक अक्षरांत लावायला सांग. आमच्या तालुक्याला हे कधीच कुणी सांगितलं नाही.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. वीसहून अधिक माणसं गेली. भिंतीतून गळती होते अशी गावकऱ्यांची तक्रार आधीपासून होती. ते धरण फेररचनेमुळे फुटलं असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं अन्यायाचं होईल. पण त्या रात्रीनंतर मला कित्येक दिवस झोप लागली नाही, कारण माझ्या नोकरीत मी असे तलाव पाहिले होते ज्यांची दुरुस्ती कोणाची हे विचारलं तर दोन कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवत. बांधणारा एक, सांभाळणारा दुसरा, निधी तिसऱ्याकडे. नवं काम सगळ्यांना हवं असतं, त्याला भूमिपूजन असतं. जुन्या भिंतीवरची झुडपं काढायला कुणी पुढे येत नाही. म्हणून बाळ, हात जोडून सांगतो: तुझ्या मसुद्यात एक वाक्य घाल. नव्या कार्यालयाने जागेवर जाऊन, वास्तू पाहून, सही करेपर्यंत देखभालीची जबाबदारी जुन्या कार्यालयाचीच राहील, आणि तेवढ्या काळाचा देखभाल निधी त्याच्याकडून काढला जाणार नाही. हस्तांतरण टेबलावर होऊ देऊ नकोस. दोन्हीकडचे उपअभियंते भिंतीवर उभे राहून होऊ दे, आणि पावसाळ्याच्या तोंडावर तर नकोच. ऑक्टोबर ते मार्च, एवढाच काळ धर. वरिष्ठ म्हणतील, एवढा बारीक तपशील कार्यनियमावलीत मावत नाही. खरं आहे. मग त्याच दिवशी निघणाऱ्या शासन निर्णयात घाल, पण त्याच दिवशी. 'सविस्तर सूचना यथावकाश निर्गमित करण्यात येतील' असं लिहून दिलेले निर्णय मी फार पाहिले आहेत.

मसुद्याला किती वेळ आहे ते तू लिहिलं नाहीस. दोन महिने असतील तर त्यातला पहिला महिना लेखणीला हात लावू नकोस. तीन जिल्हे घे: एक कोकणातला, एक मराठवाड्यातला, एक विदर्भातला. प्रत्येकातला एक तालुका. तिथल्या प्रत्येक तलावाची, बंधाऱ्याची यादी मागव आणि रकाने स्वतः आख. कोणी बांधला, आज कोणाच्या नोंदवहीत आहे, शेवटची दुरुस्ती कोणत्या वर्षी आणि कोणाच्या पैशातून, कोणता दावा चालू आहे का. बंधारा असेल तर शेवटचा रकाना वाढव: बर्गे किती, त्यातले चांगले किती, आणि ते ज्या गोदामात आहेत त्याची किल्ली कोणाकडे.

याद्या आल्या की मला पाठव. डोळ्यांना आता त्रास होतो, पण नात मोठ्याने वाचून दाखवते.