कुरुविंद: माणकाच्या नावातला विसरलेला मराठी दगड

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे: ठाण्यात एका सराफाकडे अंगठीसाठी खडा बघायला गेल्या, तर तो म्हणाला, "माणिक वेगळं आणि रुबी वेगळी. माणिक पत्रिकेसाठी, रुबी दागिन्यासाठी." खड्याच्या प्रमाणपत्रावर मात्र 'नॅचरल कोरंडम' छापलेलं. हा कुठला भलताच परदेशी दगड? आणि माणकाला आपल्याकडे आणखी कोणते शब्द आहेत?

माणिक आणि रुबी एकच. पत्रिकेतल्या सूर्यासाठी घ्या नाहीतर गळ्यातल्या हारासाठी, दगड तोच आणि रसायनही तेच. रुबीच्या मुळाशी लॅटिनमधला 'तांबडा' हा शब्द आहे आणि माणकाच्या मुळाशी मणी. हे दोन शब्द दोन वेगळ्या दरांनी विकायचा प्रकार आता गोखले रोडपासून वाशीच्या मॉलपर्यंत सगळीकडे ऐकू येतो आणि तो थांबला पाहिजे. दुसरं, 'माणिकचा खडा', 'माणिकला भाव आहे' असं बोलू नका. बेडूक-बेडकाचा, लाकूड-लाकडाचा, तसं माणिक-माणकाचा. 'हिरेमाणकं' म्हणताना आपण बरोबर बोलतो, मग एकट्या माणकाला विभक्ती लावताना जीभ का अडते? माणिकराव, माणिकताई, पनवेल-रसायनीकडचा माणिकगड हे सगळे विशेषनामांचे संसार आहेत, त्यांत आत्ता शिरत नाही.

बाकीचे शब्द भराभर सांगतो. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात शोणरत्न, लोहितक आणि पद्मराग अशी तीन नावं एका ओळीत आहेत. फारसीतून 'लाल' आला. तिकडे लअल म्हणजे अफगाणिस्तानाकडच्या बदख्शानच्या खाणीतला तांबडा खडा. खनिजशास्त्र आज त्याला स्पिनेल म्हणतं, म्हणजे तो माणिक नव्हेच. त्या खड्याच्या नावाने आपल्या 'तांबड्या'ला मराठीत जवळजवळ हद्दपार केलं, ही वेगळी आणि दुःखाची गोष्ट आहे.

आता कोरंडम. ताईंनी त्याला परदेशी म्हटलं, आणि नेमकं हेच मी वागळे इस्टेटीत, महापे-रबाळेच्या कारखान्यांत, चांगल्या शिकलेल्या इंजिनिअरांच्या तोंडून ऐकत आलो आहे: "कोरंडम लॅटिन आहे, शेवटी 'अम' आहे ना." शेपूट बघून प्राण्याची जात ठरवायची ही पद्धत! तो शब्द आपल्या घरचा आहे. तमिळमध्ये कुरुंदम्, संस्कृतात कुरुविंद, मराठीत कुरुंद. चार्ल्स ग्रेव्हिल याने 1798 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आशियातल्या 'कोरंडम' दगडावर निबंध मांडला आणि युरोपच्या खनिजशास्त्रात हे नाव पक्कं बसलं. 'अम' आहे तो तमिळचा 'अम्'. पुढे अमेरिकेत अचेसन नावाच्या संशोधकाने भट्टीत सिलिकॉन कार्बाइड बनवलं, त्याला वाटलं यात कार्बन आणि कोरंडम एकत्र आले आहेत, म्हणून नाव ठेवलं कार्बोरंडम. रसायन चुकलं होतं, पण नाव राहिलं. वागळे इस्टेटीतला कामगार धार लावायच्या चाकाला 'कार्बोरंडमचं चाक' म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडात अर्धा कुरुंद असतोच, फक्त तो अमेरिकेला जाऊन आलेला असतो.

कुरुंद म्हणजे अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा अतिशय कठीण दगड. दगडांचा कठीणपणा मोजायच्या मोह्सच्या मापावर 9, त्याच्या वर फक्त हिरा. त्यात किंचित क्रोमियम शिरलं की तांबडं माणिक होतं, लोह आणि टायटॅनियम शिरलं की नीलम. मळकट, अपारदर्शक राहिला तर तोच दगड धार लावायच्या कामाचा. कुरुंदाची पूड लाखेत घोटून केलेल्या चाकांवर आपल्याकडचे कारागीर पिढ्यान् पिढ्या रत्नं घासत आले. म्हणजे माणकाला पैलू पाडायचे ते माणकाच्याच गरीब भावाने. प्रमाणपत्रावर जातीच्या रकान्यात 'कोरंडम' आणि प्रकाराच्या रकान्यात 'रुबी' छापतात, ते याच कारणाने.

आणि हे नातं आपल्या लोकांना ठाऊक होतं! सहाव्या शतकातला वराहमिहिर बृहत्संहितेत म्हणतो, 'सौगन्धिककुरुविन्दस्फटिकेभ्यः पद्मरागसम्भूतिः': सौगंधिक, कुरुविंद आणि स्फटिक यांपासून पद्मराग उपजतो. कुरुविंदातून उपजलेल्या माणकांचं वर्णनही तो करतो: शबल, मंद तेजाची, धातूंनी विद्ध झालेली. कबरं, निस्तेज, धातू मिसळलेलं. खाणीतून काढलेला कच्चा कुरुंद हातात घेतलेल्या कुणालाही विचारा, दुसरं वर्णन करता येईल का? कोशकार 'कुरुविंद = माणिक' एवढं लिहून मोकळे होतात. वराहमिहिर मात्र कुरुविंद हा जनक आणि पद्मराग हे अपत्य असं स्पष्ट वेगळं करतो. हे वाक्य समोर असताना कोशांनी दोघांना एका ओळीत कोंबावं, हे मला पटत नाही आणि पटणार नाही.

कुरुविंदाचे अर्थ तेवढ्यावर थांबत नाहीत. संस्कृत कोशांत याच शब्दाखाली माणिक आहे, हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं खनिज आहे, काळं मीठ आहे आणि मुस्ता म्हणजे नागरमोथाही आहे. अमरकोशातल्या वनौषधींत 'कुरुविन्दो मेघनामा मुस्ता' अशी नोंद आहे. कोशकार हे अर्थ एकाखाली एक रचतात आणि पुढे जातात, जणू चार अनोळखी माणसं एका बाकावर बसली आहेत. ती अनोळखी नाहीत असं माझं ठाम मत आहे. त्यांचा रंग बघा. माणिक तांबडं. हिंगूळ तांबडा. काळं मीठ नावालाच काळं. ढेकूळ काळसर जांभळं, आणि कुटलं की पूड गुलाबी होते. राहिला नागरमोथा. दिवाळीच्या उटण्यातली त्याची पूड सगळ्यांनी हुंगलेली असते, पण ती वनस्पती कुणी पाहिलेली नसते, असं नाही: घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या हिरवळीत माळी जे लव्हाळं उपटून उपटून थकतात, तेच हे. पावसाळ्यात त्याला तुरा आला की वाकून बघा. तुरा तांबूस-जांभळा असतो.

चारही वस्तूंत तांबूस-जांभळी छटा आहे, तर शब्दाच्या पोटातही रंगच असला पाहिजे. तमिळचं जुनं व्याकरण तोलकाप्पियम्, त्यात 'कुरु' या शब्दाचा अर्थ रंग असा दिला आहे. कुरुविंदातला कुरु हाच, असं मी धरून चालतो. दगड द्रविड मुलखातला, नाव द्रविड, ते संस्कृतात गेलं आणि त्याच रंगाच्या इतर वस्तूंना चिकटलं.

जुन्या वळणाचे व्युत्पत्तिकार यावर 'कुरून् विन्दति', कुरूंना प्राप्त करतो तो कुरुविंद, असं म्हणतात. गोविंद, अरविंद हे साचे व्याकरणात तयार होते, त्यांत हाही ओतला. साच्यात बसलं म्हणजे खरं ठरतं का? लव्हाळं कुरूंना काय मिळवून देतं? काळं मीठ हस्तिनापुराशी कोणतं नातं सांगतं? परका शब्द दिसला की त्याला संस्कृत धातूचं जानवं घालायची ही सवय फार जुनी आहे, आणि तिच्यामुळे मराठीतल्या कितीतरी दक्षिणी शब्दांची मुळं झाकली गेली. सुश्रुताने हलक्या धान्यांच्या यादीतही एक कुरुविंद घातला आहे, तो पुढे करून माझं म्हणणं खोडू पाहणारे असतात. त्या यादीत नुसती नावं आहेत, वर्णन नाही, त्यामुळे त्या धान्यावरून रंग सिद्धही होत नाही आणि खोडलाही जात नाही. कुरुंदवाडचं नाव मात्र मधे आणू नका. गावाच्या नावाला कागदोपत्री पुरावा लागतो, आवाज जुळून चालत नाही.

माझा आग्रह एवढाच की मराठीत लिहिताना 'कोरंडम' लिहू नका. 'कुरुंद' लिहा. तो मराठी शब्दकोशांत आहे, उच्चारायला सोपा आहे आणि त्याला आपली विभक्ती निमूट लागते: कुरुंदाचा, कुरुंदाने, कुरुंदात. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात, आयटीआयच्या नोट्समध्ये, कारखान्याच्या फलकावर तो यायला हवा.

आणि एक विनंती. कळवा-मुंब्र्याकडे, बेलापूर-उरणच्या गावांत किंवा तुमच्या मूळ गावी धार लावणारे, शिकलगार, जुने जडावकाम करणारे कुणी ओळखीचे असतील, तर ते आपल्या दगडाला आणि चाकाला काय म्हणतात ते विचारा. कुरुंद, कुरंद, कुरुंज, जे ऐकाल ते जसंच्या तसं लिहा, सोबत त्यांच्या गावाचा जिल्हा लिहा, आणि मला कळवा. तुम्ही स्वतः सुधारून पाठवू नका.